विटंबना, अवमान की विडंबन?

एका लेखाचं भाषांतर करतेय, एका शब्दापाशी अडलंय. १९८९ साल, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटचं कलाविद्यालय. ड्रेड स्कॉट या विद्यार्थ्याची मांडणी. भिंतीवर छायाचित्रं: अमेरिकेचे झेंडे जाळणारे दक्षिण कोरियाचे विद्यार्थी, झेंड्यांत गुंडाळलेल्या शवपेट्या. त्याखाली फळीवर अभिप्रायाच्या वह्या आणि फळीपुढे जमिनीवर अंथरलेला झेंडा. शीर्षक, 'अमेरिकेचा झेंडा लावायची योग्य पद्धत कोणती?' ही झेंड्याची विटंबना की अवमान?

प्रतिसाद: अवमान. आपला राष्ट्रप्रतिष्ठेबद्दलचा १९७१चा कायदाही 'अवमान'च म्हणतो. विटंबना होते ती पुतळ्याची किंवा प्रेताची.

प्रतिसाद: इतकं सोपं नाही हो. संस्कृतातल्या एकाच 'विडम्बन'पासून मराठीत दोन भावंडं आली. 'विडंबन' म्हटलं की अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठवून हसू येतं, 'विटंबना' म्हटलं की गाव बंद होतं. (हिंदीतली 'विडंबना' तिसरीच, दैवाने केलेली थट्टा.) स्कॉटचं काम या दोघांच्या मधे कुठंतरी आहे. थोरल्या बुशना ते लाजिरवाणं वाटलं, म्हणजे त्यांच्यापुरती विटंबनाच. तुम्ही 'विटंबना' लिहिलंत की निकालही तुम्हीच दिलात.

प्रतिसाद: अमेरिकी संसदेचीही हीच पंचाईत झाली. जुन्या कायद्यात 'तुच्छता दाखवणे' होतं. १९८९च्या नव्या कायद्यात ते गाळून नुसत्या कृती घातल्या: फाडणे, जाळणे, तुडवणे आणि चक्क 'जमिनीवर ठेवणे'. हे शेवटचं कुणासाठी होतं ते उघड आहे! स्कॉटने इतरांबरोबर कॅपिटॉल या संसदभवनाच्या पायऱ्यांवर झेंडे जाळले, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जून १९९०मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा रद्द. शब्द बदलले तरी रोख अभिव्यक्तीवरच आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

धागाकर्ती: मग 'झेंडा पायदळी तुडवणारी कलाकृती' लिहू?

प्रतिसाद: अजिबात नको. कलाकृती कुठं तुडवतेय? वहीत लिहायचं तर प्रेक्षकाने ठरवायचं, बाजूने वाकून हात लांबवायचा की सरळ पुढे जायचं. आपल्याकडे 'पाय पडला' म्हणजे चुकून, 'पाय दिला' म्हणजे जाणूनबुजून, आणि एक काना वाढला की 'पाया पडला'. इथे क्रियापदाचा कर्ता प्रेक्षक आहे, तो बदलू नका.

धागाकर्ती: पटलं. 'वहीपर्यंत सरळ जायचं तर झेंड्यावर पाय द्यावा लागेल, अशी मांडणी' असं लिहिते. 'विटंबना' फक्त विरोधकांच्या तोंडी, अवतरणात.

प्रतिसाद: बुशच्या तोंडी मात्र घालू नका. ते 'लाजिरवाणं' म्हणाले होते, तेवढंच ठेवा.