‘संभाव्यता’ आणि ‘संभावित’ यांचं नातं काय?

चोपड्याहून: दहावीला संभाव्यता शिकवत होतो. एका मुलीने विचारलं, “सर, आमचे आजोबा ‘संभावित माणूस’ म्हणतात, ती हीच संभाव्यता का?” आजोबांच्या तोंडी संभावित म्हणजे अब्रूदार, चारचौघांत मान असलेला. पेपरात मात्र ‘संभावित उमेदवार’. दोन अर्थ एका शब्दात आले कसे? आणि ‘शक्यता’ असताना वेगळा शब्द हवाच कशाला?

धुळ्याहून: सर, मुलीने नेमकी जागा धरली. संस्कृतात ‘संभावना’ म्हणजे कल्पना, तर्क, आणि आदरसत्कारही. भटजींना आपण देतो ती संभावना दुसऱ्या अर्थाची. गीतेत ‘संभावितस्य चाकीर्तिः’ येतं, तिथला संभावित प्रतिष्ठितच.

नवल पुढे आहे. संभाव्यतेला इंग्रजीत ‘प्रोबॅबिलिटी’ म्हणतात, तिचं मूळ लॅटिनमधलं ‘प्रोबाबिलिस’, म्हणजे मान्य करण्याजोगं. जुन्या युरोपात एखादं मत ‘प्रोबाबिलिस’ ठरायचं ते बहुधा सांगणाऱ्या जाणत्याच्या पतप्रतिष्ठेवरून. म्हणजे तिथेही आधी मान, मग अंदाज! दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता तीच वाट धरली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आकडा नंतर आला. 1654 साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा पत्रव्यवहार झाला. डाव अर्ध्यात मोडला तर पणाची रक्कम वाटायची कशी, हा त्यातला प्रश्न. 1657 मध्ये डच गणितज्ञ हायगेन्सने फाशांच्या खेळातल्या हिशेबावर पुस्तिका काढली. पण शब्दाला नवा अर्थ नेमकेपणाने बांधून दिला तो स्विस गणितज्ञ याकोब बर्नुलीने. तो 1705 साली वारला, ग्रंथ 1713 साली छापला गेला. त्याचं म्हणणं असं: संभाव्यता म्हणजे खात्रीची पायरी, खात्री पूर्ण धरली तर संभाव्यता हा तिचा भाग. दहावीच्या पुस्तकातलं 0 ते 1 हे माप याच विचारातलं.

‘शक्यता’ मूळ ‘शक्’वरून. होऊ शकतं की नाही, एवढंच ती सांगते. कमीजास्त शक्यता आपण म्हणतो खरं, पण आकडा आला की मी संभाव्यताच लिहितो.

चाळीसगावहून: आमच्या पाटणादेवीचं नाव इथे यायलाच हवं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा शिलालेख पाटणला सापडला. ‘लीलावती’त (1150) ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं किती रीतींनी येतील? 36,28,800. नमुना अवकाश, म्हणजे सगळे शक्य निकाल, मोजायला हेच गणित लागतं. त्यात ‘किती रीती’ आहेत, ‘किती खात्री’ मात्र नाही. ती पुढची पायरी. सर, सहल इकडेच आणा.

चोपड्याहून: आणतो भाऊ! आणखी एक आठवलं. नलाच्या कथेत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता सांगतो, आणि द्यूताची विद्याही त्यालाच येते. बेहड्याची फळं तेव्हा फासे म्हणून वापरत, आणि ते झाड आमच्या सातपुड्यात आहे. त्याची चार फळं घेऊन उद्या वर्गात जाईन.

धुळ्याच्या सरांना एकच विचारायचं राहिलं: बर्नुलीच्या ‘खात्री’साठी आपला ‘भरवसा’ चालेल का? ‘पावसाचा भरवसा नाही’ हे वाक्य माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरी ऐकलेलं असतं.