मदत हवी आहे: एकाच नंबरच्या दोन सुया, चौकोन लहानमोठे, वर लाल रंग उतरला

टिळकवाडीची_सुई
क्रोशाच्या सुईनं लोकरीचं दुपटं विणायलेय. २० चौकोन, ४ बाय ५. मधेच सुई हरवली म्हणून दुसरी आणली, तीही ८ नंबरचीच. जोडायच्या आधी सगळे धुतले तर आधीचे लहान, नंतरचे मोठे, कडा गोळा झाल्यात आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरलाय. रविवारी बारसं आहे, आज बुधवार. काय करू, लवकर सांगा.

वडगाव_माग
लोकर म्हणजे कसली? बाजारात ॲक्रिलिकलाही लोकरच म्हणतात. गुंड्यावरचं लेबल आहे का? पाणी गार की गरम? लाल नेमकं कुठं आहे? लहान किती, मोठे किती सेंटिमीटर? एवढं कळल्याशिवाय सांगणार काय?

निपाणीच्या_काकू
साबुदाण्याची खळ द्या. दोन चमचे साबुदाणा अर्धा लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, कोमट असताना बुडवा, टाचण्यांनी ताणून वाळवा. कडा सरळ.

टिळकवाडीची_सुई
काकू, दुपट्याला खळ? बाळाला टोचेल की ओ.
लेबल टाकून दिलं. पाणी मशीनमधलं, ४० वर ठेवलेलं. लाल म्हणजे प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी. लहान ११, मोठे साडेबारा.

निपाणीच्या_काकू
मी ताटावरच्या रुमालाचं सांगितलं.

उद्यमबाग_टर्नर
सुईचा नंबर बघू नका, मिलिमीटर बघा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ म्हणजे ४ मिमी आणि नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन पद्धतीत ८ (एच) म्हणजे ५ मिमी आणि नंबर वाढला की सुई जाड. दोन्ही सुया एकाच दुकानात, एकाच डब्यात असू शकतात. लेसच्या पोलादी सुयांत तर ८ म्हणजे दीड मिमीच्या आसपास. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असेल तर दोन्ही मोजा.

टिळकवाडीची_सुई
पहिली हरवलीय म्हटलं ना. व्हर्नियर भावाचा आहे. आत्ताची मोजली, ४.२ येतंय. म्हणजे तुमचं दोन्हीतलं कुठलंच नाही.

उद्यमबाग_टर्नर
आकडीच्या खाली गळ्यात धरला असणार. तिथं नको. अंगठा टेकवायची चपटी जागा असते ना, तिच्या आणि गळ्याच्या मधे सरळ गोल दांडा आहे, तिथं धरा. टाका त्या दांड्यावर बसतो, त्याच्यावरच माप ठरतं. काही सुयांचा गळा निमुळता असतो. टाका गळ्यातच ओढून घेतला तर ५ ची सुईही ४ सारखी विणते. म्हणून हात तोच, नंबर तोच, तरी दोन सुयांचे चौकोन वेगळे.

टिळकवाडीची_सुई
दांड्यावर ५.०.

उद्यमबाग_टर्नर
मग पहिली ४ ची होती. ११ आणि साडेबाराचा फरक तोच.

आकडी_आणि_गुंडा
मला वेगळीच शंका येते. कडा का गोळा झाल्या? सुईमुळे चौकोन लहान होईल, कड गोळा होणार नाही. ॲक्रिलिकचा रंगही सहसा असा उतरत नाही. लाल दोरा सुती असणार. सूत भिजलं की फुगतं आणि आखडतं, ४० अंशात आणखीच. ॲक्रिलिक आहे तेवढंच राहतं. बाहेरची फेरी आखडली की आतला चौकोन फुगून वर येतो. जाळून बघा: ५ सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि काळा कडक मणी राहतो. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आच काढली की विझते.

खानापूर_पाऊस
मीठ आणि व्हिनेगरमध्ये भिजवा, रंग पक्का होतो.

वडगाव_माग
नाही होत. सूत रंगवताना मीठ टाकतात ते रंग पाण्यातून धाग्यावर ढकलायला. सुटलेला रंग घरच्या बादलीत मिठानं पुन्हा पक्का होत नाही, आणि सुताच्या रंगाला व्हिनेगरचा उपयोग नाही. क्रमानं बघितलं तर आधी लाल उसवायचं, मग डाग. लाल असताना कितीही धुवा, तेच तेच पुन्हा लागणार.

खानापूर_पाऊस
आमच्याकडं सगळे मीठच टाकतात.

वडगाव_माग
टाकू देत. इस्त्री कुणी मारायला सांगेल त्याआधी विचारतो, मारली नाहीत ना?

टिळकवाडीची_सुई
एकावर मारली. चकचकीत आणि पापडासारखा चपटा झाला.

आकडी_आणि_गुंडा
तो गेला. ॲक्रिलिक उष्णतेनं एकदा बसलं की पुन्हा फुगत नाही, धुऊन नाही, काहीच करून नाही. तो नवा विणा. बाकीच्यांवर वाफही नको, दुपटं लुळं पडतं.

आता क्रम. लाल फेरी सगळ्यांची उसवा. पांढरं ऑक्सिजन ब्लीचच्या पावडरमध्ये (सोडियम परकार्बोनेट): ४ लिटर कोमट पाणी, २ मोठे चमचे, तासभर. आधी एकच चौकोन घालून बघा. क्लोरीनवालं नको. आत खरी लोकर निघाली तर हे करू नका, आधी जाळून खात्री करा. मग टॉवेलवर गुंडाळून दाबा, पिळू नका, आडवं वाळवा. दोरीवर टाकलं की ओल्या वजनानं लोंबतं.

माप: ११ च्या चौकोनांना अर्ध्या खांबाची (मध्यम उंचीचा टाका) एक फेरी, कोपऱ्यात २ अर्धे खांब, २ साखळ्या, २ अर्धे खांब. अर्धा खांब पाऊण सेंटिमीटरच्या जवळ उभा राहतो, दोन्ही बाजूंनी दीड सेंटिमीटर वाढतं. लाल निघाल्यावर दोन्ही गट थोडे लहान होतील, फरक तोच राहील. मग सगळ्यांना सारखी मुक्या खांबाची (त्याहून ठेंगणा टाका) फेरी, ॲक्रिलिकच्या दोऱ्यानं. ही सगळी फेरी एकाच सुईनं घाला, ती कितीची आहे ते महत्त्वाचं नाही.

निपाणीच्या_काकू
मोठी भोकं असतील तर बाळाची बोटं अडकतात, दुपटं आतून मऊ कापडाचं अस्तर लावून द्या.

चिकोडी_प्रश्न
मधेच विचारतो, इंग्रजी व्हिडिओत डबल क्रोशे म्हणतात तो मुका खांब की खांब?

आकडी_आणि_गुंडा
ब्रिटिश व्हिडिओत मुका खांब, अमेरिकन व्हिडिओत खांब. तुमच्याकडं कुठला ते बघा.

टिळकवाडीची_सुई
जाळलं. लाल कागदासारखं जळलं. पांढऱ्याचा काळा मणी झाला, ताटलीला चिकटलाय, निघत नाही. लाल उसवायला घेतलंय, ७ झाले. धुतल्यावर गाठी घट्ट बसल्यात, सुईच्या टोकानं सोडवायला वेळ लागतो, कात्री लावू का?

आकडी_आणि_गुंडा
लाल गाठच कापा, पण तिच्या खालचा पांढरा टाका आधी सेफ्टीपिनेत अडकवा. एक सुटला की शेजारचे सुटत जातात.