माळ घातली म्हणजे एवढंच?

काही जण म्हणतात की आजकालची पोरं वारीला जातात, एकादशी धरतात हेच खूप झालं, त्यांच्याकडून अजून काय मागायचं. मला नाही पटत हे. उलट आपण फारच कमी मागतोय त्यांच्याकडे. तुळशीची माळ घातली की मटण-दारू बंद हे सगळ्यांना पाठ असतं पण परस्त्री आईसमान आणि दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही हेही त्यातच आलं ना, तुकोबांनी तर संसारी माणसालाच सांगितलंय की चांगल्या व्यवहाराने कमव आणि त्यात जीव न अडकवता खर्च कर. मग दिंडीत पखवाज वाजवणारा मुलगा घरी येऊन व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलींचे घाणेरडे फोटो फॉरवर्ड करत असेल, लग्नात हुंडा घेत असेल तर त्याच्याच मित्रांनी त्याला बाजूला घेऊन बोललं पाहिजे, चारचौघात लाज न काढता पण स्पष्ट.

गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनात कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा हे सांगायचे, पंढरपूर नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी काही ठेवलं नाही. म्हणून लोक ऐकायचे त्यांचं!

माझं म्हणणं, हरिनाम सप्ताहात एक दुपार फक्त तरुण पोरांसाठी ठेवा. मोबाईल, व्यसन, हुंडा सगळं बोलू दे त्यांना मोकळेपणाने, आणि समोर ज्येष्ठ महाराज नकोत, हुंडा न घेता लग्न केलेला त्यांच्याच वयाचा कुणीतरी बसवा.