कॅम्पर ट्रेलरची बॅटरी गाडीवरून चार्ज करायची आहे: रिले की डीसी-डीसी चार्जर?

गोदाकाठ:
ट्रेलरमध्ये १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवतोय, गाडी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल. नाशिक ते भंडारदरा चालत्या गाडीवर चार्ज व्हावी, पण मुक्कामी फ्रिज चालला तरी गाडीची बॅटरी उतरू नये. व्होल्टेज रिले (व्होल्टेज पाहून दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) पुरेल का?

सातपूर_वायरमन:
रिले नकोच. तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ ला तोडतो. भरलेली लिथियम इंजिन बंद झाल्यावरही १३.२-१३.३ धरून बसते, त्यामुळे रिले लवकर सुटत नाही आणि गाडीची बॅटरी फ्रिजला जोडलेलीच राहते. त्यात अनेक बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनित्र) गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, मग ट्रेलरचं चार्जिंग अर्धवट राहतं. २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीचं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी ट्रेलरच्या बॅटरीला हवं तेवढं देणारा) घ्या, तो ट्रेलरमध्ये बॅटरीजवळ लावा. इग्निशनची वायर (चावी फिरवल्यावरच वीज येणारी) त्याला द्याच. तिच्यात वीज आली तरच चार्जर सुरू झाला पाहिजे.

घाटवाट:
वायरीत काटकसर करू नका. २० अँपिअर आउटपुटसाठी इनपुट २६च्या आसपास जातं. जाऊन-येऊन १४ मीटर तांब्याची वायर धरली तर ४ स्क्वेअर एमएममध्ये दीड व्होल्ट वाटेतच जातो, १६ मध्ये जेमतेम ०.४. निगेटिव्हही स्वतंत्र ओढा. ट्रेलर अडकवायच्या हुकच्या गोळ्यातून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहू नका, ग्रीस आणि गंज लागला की संपलं.

गोदाकाठ:
फ्यूज एकच पुरेल ना, गाडीकडे?

सातपूर_वायरमन:
नाही. वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, कुठूनही शॉर्ट झालं तरी आग लागू शकते. दोन्हीकडे ४० अँपिअर, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. गाडी-ट्रेलर जोडणीला ५० अँपिअरचा अँडरसन प्लग (मोठ्या करंटचा, काढता-घालता येणारा जोड). लाइटच्या ७ पिनी सॉकेटमधून हा करंट नेऊ नका, पिना वितळतात.