ऑक्सिजन अ‍ॅब्सॉर्बर सरसकट नको, आणि यादीत थोडी भर

अडचणीच्या काळासाठी घरात टिकाऊ अन्न साठवण्याबद्दलच्या पोस्टमधली तांदूळ, डाळी, मीठ, साखर ही यादी बरोबरच आहे, पण मी त्यात अंड्याची पावडर, सुकवलेले मशरूम, टोमॅटो पावडर आणि मध नक्की घालीन. नुसत्या डाळ-भाताने पोट भरतं पण रोज तेच तेच आलं की लहान मुलं आणि वयस्कर माणसं जेवायचंच टाळतात, आधीच टेन्शन असतं त्यात हे, म्हणून चवीच्या वस्तूंना चैन समजू नका प्लीज. दुधाची पावडर मात्र स्किम्डच घ्या, फॅट असलं की लवकर खवट होते, ब्राऊन राईसचंही तेच, त्याच्या कोंड्यात तेल असतं. मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के, त्यामुळे जंतू वाढत नाहीत, साखरेसारखा घट्ट झाला तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, फेकू नका. फक्त १ वर्षाखालच्या बाळाला अजिबात द्यायचा नाही.

सगळ्या डब्यांत ऑक्सिजन अ‍ॅब्सॉर्बर (डब्यातला ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या छोट्या पुड्या) टाका असं त्या पोस्टमध्ये म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. साखरेत टाकलं तर तिचा दगड होतो, आणि अर्धवट सुकलेल्या भाज्या-फळांत तर खरंच धोका आहे, कारण ओलावा आहे पण ऑक्सिजन नाही अशा जागी बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात, वासावरून कळतही नाही. कडकडीत वाळलेलं असेल तरच टाका.

आणि हो, या सगळ्या पावडरी भिजवायला पाणी लागतं, ते पिण्याच्या पाण्याशिवाय वेगळं धरा.