मदत हवी आहे : विनोदी चित्रपटाच्या गाण्यांचा अल्बम आणि लोककलावंतांचे हक्क

नमस्कार. नाशिकमधील आमच्या लोकसंगीत मंडळाने एका मराठी विनोदी चित्रपटासाठी संबळ, तुणतुणे, दिमडी आणि हलगी यांच्या साथीने गाणी केली असून, निर्माते आता त्यांचा स्वतंत्र अल्बम काढणार आहेत. करारात मात्र एकरकमी मानधनाच्या बदल्यात सर्व हक्क कायमचे सोडण्याची अट आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता गाण्याचा अन्य वापर झाल्यास गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. माझी खरी चिंता वादकांची आहे, कारण विनोदाची वेळ अचूक साधणारा संबळाचा ठेका कागदावर कोणाच्याच नावे नाही. त्याच दुरुस्तीने कलाकारांना व्यावसायिक वापरावरील रॉयल्टीचा हक्क दिला आहे. तो करारात कोणत्या शब्दांत नोंदवावा? शिवाय काही गाणी सप्तशृंगी देवीच्या गोंधळातील जुन्या चालींवर बेतलेली आहेत. तिथे ‘पारंपरिक’ असा उल्लेख करून केवळ संगीत संयोजन आमच्या नावे लावणे मला न्याय्य वाटते, परंतु निर्मात्यांना ते मान्य नाही. असे करार हाताळलेल्या जाणकारांनी, विशेषतः नाशिकमधील वकिलांनी, कृपया मार्गदर्शन करावे. सही पुढील आठवड्यात करायची आहे.