शब्दचर्चा : 'स्नोमोबाईल'ला बर्फगाडी म्हणावं का?

प्रश्न : कॅनडातल्या 'बॉम्बार्डिए बी-७' या जुन्या गाडीवर लिहितेय. बर्फावरून धावणाऱ्या या स्नोमोबाईलला 'बर्फगाडी' लिहिलं, पण मनाला पटत नाहीये. दुसरा शब्द सुचवाल का?

– 'बर्फगाडी' नकोच. आपल्याकडे बर्फाची गाडी म्हटलं की लाद्या, त्यांवर गोणपाट आणि खाली ठिबकणारं पाणी दिसतं. फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून भुरभुरतं तेच. आपल्याकडे मात्र तो लादीला चिकटला. म्हणून 'हिम' घ्या.

आता 'गाडी'चं बघू. आजची स्नोमोबाईल मोटारसायकलसारखी, टांग टाकून बसायची. बी-७ तशी नव्हती. तो सात जणांचा बंद डबा, पुढे स्की, मागे चाकांवरून फिरणारे पट्टे. क्वेबेकमधल्या वालकूर गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांची ती निर्मिती. १९३४च्या हिवाळ्यात रस्ते हिमाने बंद होते आणि त्यांच्या दोन वर्षांच्या आजारी मुलाला इस्पितळात नेता आलं नाही. तो गेला. १९३७ साली त्यांना रबर चढवलेलं दातेरी चाक आणि पट्टा यांचं पेटंट मिळालं. पुढे बारा जणांची, गोल खिडक्यांची बी-१२ आली. तिने टपाल नेलं, शाळकरी मुलं नेली, रोगीही नेले. हे वाचून 'स्नोमोबाईल' म्हणजे नुसतं हौसेचं वाहन असं वाटेनासं होतं.

क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये दोन वेगळे शब्द आहेत : डब्याची ती 'ओतोनेज', टांग टाकायची ती 'मोतोनेज'. आपणही दोन ठेवावेत. बी-७ला माझं मत 'हिममोटार'. मोटार हा शब्दही त्याच काळातला, आजोबांच्या तोंडचा.

– 'हिममोटार'ला अनुमोदन. मुळात इंग्रजी शब्दही मोटारीचाच. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या व्हर्जिल व्हाईट यांनी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला स्की आणि पट्टे लावायचा संच केला, त्याचं पेटंट १९१७चं. 'स्नोमोबाईल' हे त्यांनीच घेतलेलं व्यापारी नाव. आणि कॅनडातल्या गोठलेल्या विनिपेग सरोवरात जाळी टाकणारे मच्छीमार बी-१२ला सरळ 'बॉम्बार्डिए' म्हणतात, आपल्याकडे पिवळ्या यंत्राला 'जेसीबी' म्हणतात तसं. कोणी बोलतंय असं दाखवायचं असेल तर तेच ठेवा.

– हिममोटार पक्कं, आभार! मागच्या त्या पट्ट्याला 'साखळी' चालेल? रणगाड्याला म्हणतात ना.

– नको. तो रबराचा होता, त्यावर आडव्या पोलादी पट्ट्या. पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. 'पट्टा'च लिहा.